केपच्या पूर्वेला जे जे : गोव्याच्या इन्क्विझिशनचा इलाखा

१५६० सालच्या अखेरीस गोव्याचे पहिले आर्चबिशप गाश्पार द लेआंव हे मांडवीच्या काठी उतरले, आणि त्याच सुमारास लिस्बनच्या दरबाराने नेमलेले अलेइशु दियश फाल्कांव व फ्रान्सिश्कु मार्कश हे दोन धर्मन्यायाधीशही तेथे आपले आसन मांडण्याच्या खटपटीस लागले. पोर्तुगालचा राजा सेबाश्तियांव त्या वेळी अल्पवयी होता. इन्क्विझिशनची सर्व सूत्रे कार्डिनल हेन्रिक या राजकुलातल्याच पुरुषाच्या हाती होती. या न्यायाधीशांना मिळालेल्या अधिकाराची सीमा कोणत्याही नदीने, डोंगराने किंवा राज्याच्या हद्दीने आखलेली नव्हती. आफ्रिकेच्या दक्षिणेस केप ऑफ गुड होप नावाचे जे भूशिर आहे, त्याच्या पूर्वेला पोर्तुगालच्या राजाचा जेथे जेथे अंमल किंवा वखार असेल, तेथे तेथे त्यांचा अखत्यार चालावयाचा होता. मोझांबिक, होर्मुझ, दीव, दमण, वसई, चौल, कोचीन, सिंहल, मलाक्का, मकाव, आणि त्याही पलीकडे तिमोर व जपान एवढा मुलूख एका कचेरीच्या दफ्तरात दाखल झाला, आणि त्या कचेरीत मंडळी होती ती एखाद्या मध्यम प्रतीच्या मामलेदार कचेरीहून फारशी अधिक नव्हती.

गोव्याचे इन्क्विझिशन म्हटले म्हणजे आपल्याकडे जळत्या चितेचे चित्र प्रथम डोळ्यांपुढे येते, आणि ते यावे यात अनुचित असे काही नाही. परंतु १५६१ पासून १७७४ पर्यंत सोळा हजारांहून अधिक माणसांवर या न्यायासनापुढे खटले चालले, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष अग्नीच्या स्वाधीन झालेल्यांची संख्या त्या मानाने फार लहान आहे. बाकीच्यांच्या वाट्याला आली ती तुरुंगाची, जप्तीची, हद्दपारीची, गलबतावर वल्ही मारण्याच्या सक्तमजुरीची आणि जन्मभर पुरणाऱ्या बेअब्रूची शिक्षा. एवढ्या माणसांना शोधून काढणे, दूरदूरच्या बंदरांतून आणविणे, त्यांच्या जबान्या नोंदवून त्यांची प्रकरणे वर्षानुवर्षे सांभाळणे हे काम कारकुनी शिस्तीशिवाय होण्यासारखे नव्हते. आणि ही शिस्त कोठवर पोचली व कोठे थिटी पडली हे पाहिल्याशिवाय या संस्थेचे खरे स्वरूप कळत नाही.

पोर्तुगालात इन्क्विझिशनची स्थापना पोपच्या २३ मे १५३६ च्या आज्ञापत्राने झाली, आणि पुढे लिस्बन, एव्होरा व कोइंब्रा अशी तीन न्यायासने त्या देशात स्थिर झाली. समुद्रापलीकडच्या प्रदेशाची वाटणी करताना अटलांटिकमधील बेटे, आफ्रिकेचा पश्चिम किनारा व ब्राझील हे सारे लिस्बनकडे ठेवण्यात आले, आणि केपच्या पूर्वेचे सर्व काही गोव्याकडे आले. युरोपाबाहेर पोर्तुगिजांनी स्थापिलेले न्यायासन हे एवढेच. ब्राझीलसारख्या अफाट वसाहतीला स्वतःचे न्यायासन कधीच मिळाले नाही. तेथे प्रसंगोपात्त तपासनीस पाठविला जाई. १५९१ साली एइतोर फुर्तादु द मेंदोंसा हा असा तपासनीस बाहियात जाऊन पोचला व पुढे पेर्नांबुकुपर्यंत गेला. एरवी ज्याच्यावर बालंट येई त्याला महासागर ओलांडून लिस्बनच्या कोठडीत आणीत. मग गोव्यालाच हा मान का मिळाला? अंतर हे एक कारण उघड आहे. परंतु त्याहून निकडीचे कारण राजकीय व व्यापारी होते. पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचे वंशज, ज्यांना तेथे नवख्रिस्ती म्हणत, ते पूर्वेच्या व्यापारात शिरून कोचीन व गोवा येथे मातबर झालेले होते, आणि ते मनातून मोझेसचाच धर्म पाळतात असा संशय पाद्र्यांना सतत येत असे. फ्रान्सिस झेवियरने १५४६ साली आंबोइनाहून राजा तिसरा जुआंव याला लिहिलेल्या पत्रात इन्क्विझिशन पाठविण्याची मागणी केली ती याच संदर्भात. त्याच्याही आधी, म्हणजे १५४३ साली, जेरोनिमु दियश या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात जाळण्यात आले होते. न्यायासन नसले तरी त्याची चव लोकांना मिळालेलीच होती. गार्सिया द ओर्ता या प्रख्यात वैद्याचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १५६८ साली तो आपल्या मरणाने मेला, पण पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द त्याची हाडे थडग्यातून उकरून त्यांना शिक्षा देण्यात आली. ज्या अखत्याराला भूगोलाची सीमा नव्हती त्याला मृत्यूचीही नव्हती.

स्पेनने याच सुमारास अमेरिकेत जी व्यवस्था केली ती येथे ताडून पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या फिलिपने १५६९ साली हुकूम काढला. १५७० साली लिमा येथे व १५७१ साली मेक्सिको येथे न्यायासने उभी राहिली, आणि १६१० साली कार्ताहेना येथे तिसरे आले. मेक्सिकोच्या अखत्यारात ग्वातेमालापासून थेट फिलिपाइन बेटांपर्यंतचा प्रदेश होता, म्हणजे पॅसिफिक महासागरही त्यात आला. पण एक मोठा भेद असा की स्पेनच्या राजाने अमेरिकेतील मूळ रहिवाशांना या न्यायासनांच्या कक्षेतून वगळले. ते श्रद्धेत कच्चे आहेत, त्यांचे दोष बिशपांनी पाहावेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता. गोव्यात ही सवलत मिळाली नाही. कालांतराने येथील दफ्तर भरू लागले ते नवख्रिस्ती ज्यूंच्या नावांनी नव्हे, तर बाटलेल्या कोकणी व कानडी माणसांच्या, क्वचित मलबारी मच्छिमारांच्या नावांनी.

न्यायासनाचे ठाणे गोवे शहरात कॅथेड्रलजवळच्या एका वाड्यात होते. हा वाडा पूर्वी आदिलशाही अंमलातला. पोर्तुगिजांनी शहर घेतल्यावर त्यांचे व्हाइसरॉय काही काळ तेथे राहिले, आणि ते दुसरीकडे गेल्यावर वाडा इन्क्विझिशनला मिळाला. सामान्य लोक त्याला ‘ओरलें घर’ म्हणत. आत एक प्रशस्त दालन, त्यात मेज, मेजाभोवती न्यायाधीश. या मेजावरूनच पोर्तुगीज भाषेत न्यायासनाला ‘मेझा’ असे नाव पडले. न्यायाधीश बहुधा दोन. त्यांच्या हाताखाली सल्लागार धर्मपंडित, फिर्याद चालविणारा सरकारी वकील, लेखनिक, तुरुंगाचा अधिकारी, हुकूम बजावणारा अंमलदार, जप्त मालाचा हिशेब ठेवणारा खजिनदार, दुभाषी व शिपाई. या सर्वांच्या वर लिस्बनची सर्वोच्च सभा, कॉन्सेल्यु जेराल, आणि तिच्यावर महाधर्मन्यायाधीश. कारभाराचे नियम ‘रेजिमेंतु’ नावाच्या जाबत्यांत लिहिलेले असत. १५५२, १६१३ व १६४० या वर्षीचे जाबते प्रसिद्ध आहेत, आणि जबानी कशी घ्यावी, कोण हजर असावे, कोणता कागद कोणत्या पेटीत ठेवावा इथपर्यंत त्यांत तपशील आहे. दुभाष्याबद्दल येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. साष्टी-बारदेशातला शेतकरी आपल्या कोकणीत जे बोले ते दुभाषी पोर्तुगिजीत सांगे, आणि लेखनिक ते आपल्या ठरीव वाक्यरचनेत उतरवून घेई; त्यामुळे आरोपीचा म्हणून जो कबुलीजबाब उरतो त्यात आरोपीचे स्वतःचे शब्द क्वचितच सापडतात, आणि ज्यांनी ज्यांनी या कागदांवरून त्या काळच्या लोकांच्या मनाचे चित्र रेखाटले त्यांनी हे भान नेहमी ठेवले असे म्हणवत नाही.

गोव्याबाहेर न्यायासनाचे हातपाय म्हणजे कमिसारी. प्रत्येक महत्त्वाच्या ठाण्यात एक धर्मगुरू या पदावर नेमला जाई, आणि त्याच्याबरोबर एक लेखनिक. ज्या संघाचा मठ ज्या ठिकाणी प्रबळ, बहुधा त्याच संघाचा पाद्री तेथे कमिसारी होई : मोझांबिककडे डोमिनिकन, मस्कतकडे ऑगस्टिनियन, मकावमध्ये जेझुइट किंवा खुद्द बिशप, अशी साधारण रीत. कमिसारीच्या अधिकाराचे वर्णन थोडक्यात करावयाचे तर त्याने ऐकावे, लिहावे आणि पाठवावे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या, काळात चर्चमध्ये श्रद्धेचा जाहीरनामा वाचून दाखविला जाई, आणि ज्याला कोणाविषयी काही ठाऊक असेल त्याने ते ठराविक मुदतीत येऊन सांगावे, न सांगेल त्याला बहिष्कार, अशी ताकीद त्यात असे. मग शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध, नोकराने धन्याविरुद्ध, कधी नातलगाने नातलगाविरुद्ध सांगितलेले सारे कमिसारी टिपून घेई व लखोटा मोहोरबंद करून गोव्याकडे रवाना करी. आरोपी पळून जाण्याचे भय नसेल तर वरून हुकूम आल्यावाचून त्याने कोणास अटक करू नये, असा नियम होता. शिक्षा देण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नव्हता. ‘फामिलियार’ नावाचे दुसरे मदतनीस हे प्रापंचिक गृहस्थ. अटकेच्या वेळी हजर राहणे व कैद्याला पोचविणे ही त्यांची कामे. हे पद मिळण्यासाठी रक्तशुद्धीचा दाखला लागे, म्हणजे घराण्यात ज्यू किंवा मूर यांचा अंश नाही असे सिद्ध करावे लागे. त्यामुळे पूर्वेकडे या पदासाठी पात्र माणसे सापडणे कठीण जाई.

या सगळ्या यंत्रणेवर खरा अंमल कोणाचा असेल तर तो मोसमी वाऱ्यांचा. गोव्याहून लिस्बनकडे जाणारी जहाजे साधारणतः डिसेंबर-जानेवारीत निघत व सहासात महिन्यांनी पोचत. तिकडचे उत्तर पुढच्या वसंतात निघणाऱ्या आरमाराबरोबर येई. न्यायाधीशाने एखादा पेच लिस्बनला विचारला, तर खुलासा हाती पडण्यास दीड-दोन वर्षे सहज लागत, आणि जहाज बुडाले तर तेही नाही. मकावचा कमिसारी ज्या वर्षी कागद पाठवी, त्या वर्षी त्याचा निकाल येणे अशक्य. आणि जून ते सप्टेंबर मांडवीचे मुख पावसाने बंद, म्हणजे वसईचा कैदी वसईत, दमणचा दमणात. लिस्बनची सर्वोच्च सभा वारंवार गोव्याच्या न्यायाधीशांना जाबत्याबाहेर गेल्याबद्दल फटकारी, पण ती फटकार पोचेपर्यंत प्रकरण निकाली निघालेले असे. इतक्या दूरच्या कचेरीवर देखरेख ठेवणे म्हणजे विहिरीत पडलेली घागर वरून लांब दोरीने हलवीत राहणे. हालचाल होते, पण घागरीत पाणी किती हे वर समजत नाही. हे अंतर एका परीने न्यायाधीशांच्या पथ्यावरच पडत होते.

दमणहून गोव्याच्या कोठडीपर्यंतचा एक प्रवास आपल्याला एका कैद्याच्याच लेखणीतून उपलब्ध आहे. शार्ल देलों नावाचा तरुण फ्रेंच वैद्य दमणमध्ये राहत असता बाप्तिस्मा, क्रूसाची पूजा वगैरे विषयांवर मोकळेपणाने बोलला. आपल्या बोलण्याचा गवगवा झाला असे कळताच तो आपण होऊन तेथील कमिसारीकडे गेला व काय बोललो ते सांगून आला. कमिसारीने ऐकून घेतले व त्याला परत पाठविले. देलों निर्धास्त झाला. तथापि ऑगस्ट १६७३ मध्ये त्याला अटक झाली. दमणच्या तुरुंगात उपाशी, काळोखात काही महिने काढल्यावर त्याला इतर कैद्यांबरोबर जहाजात घालून वसईमार्गे नेण्यात आले, आणि जानेवारी १६७४ मध्ये तो ओरल्या घरात पोचला. आपण होऊन सांगितल्याचा त्याला काडीइतकाही फायदा मिळाला नाही, याचे देलोंला शेवटपर्यंत वैषम्य वाटत राहिले. पण कचेरीच्या दृष्टीने पाहता, जे योग्य कागदावर योग्य रीतीने नोंदले गेले नाही ते घडलेच नाही. ओरल्या घरातील एकांतात देलोंने जीव देण्याचा प्रयत्न केला. १२ जानेवारी १६७६ रोजी इतर अपराध्यांच्या मिरवणुकीबरोबर त्याला सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये नेऊन निकाल ऐकविण्यात आला : मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार, आणि पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी. ब्राझीलमार्गे लिस्बनला पोचून शेवटी सुटल्यावर त्याने १६८७ साली आपली हकीकत छापली, आणि गोव्याच्या कचेरीचे नाव युरोपभर झाले. आर्चबिशप, त्याचा मुख्य प्रतिनिधी, व्हाइसरॉय व गव्हर्नर यांना सोडून बाकी सर्वांवर येथल्या न्यायाधीशाचा हात चालतो, आणि लिस्बनची संमती मिळाली तर तेही सुटत नाहीत, असे देलों सांगतो.

आता मूळ प्रश्न येतो : हा अधिकार भूमीवर होता की माणसांवर? तत्त्वतः इन्क्विझिशनची सत्ता बाप्तिस्मा झालेल्यांपुरती. ज्याच्या मस्तकावर ते पाणी पडले तो तिच्या कक्षेत आला, मग तो कोठेही राहो. ज्याच्यावर पडले नाही त्याचा धर्म हा तिचा विषय नव्हे. परंतु गोव्यात हे तत्त्व टिकले नाही. बाटलेल्या माणसाला पुन्हा आपल्या देवाकडे नेणारा, धर्मांतरात अडथळा आणणारा किंवा मनाई केलेले विधी राजाच्या हद्दीत करणारा हिंदू हाही अपराधी, असे राजाज्ञांच्या आधाराने ठरत गेले, आणि भटजी, वैद्य, सोयरे असे अनेकजण या दारातून आत ओढले गेले. माणूस बाटलेला असेल तर त्याच्या घरातला रोजचा व्यवहारही तपासाचा विषय होई. १७३६ च्या जाहीरनाम्यात तर अंगणातली तुळस, लग्नातली हळद व विडे, मिठावाचून शिजविलेला भात, धोतर व चोळी यांवर बंदी घालण्यात आली. अखत्याराची सीमा केपपासून मकावपर्यंत पसरली होती ती कागदावर. तिचा खरा दाब जाणवला तो तिसवाडी, बारदेश व साष्टी या तीन तालुक्यांतील चुलींपाशी आणि उत्तरेकडच्या वसई-दमणच्या किनाऱ्यावर, कारण तेथे कचेरीचा शिपाई पायी किंवा होडीने जाऊ शकत होता.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. साष्टीतली देवळे पाडली, मूर्ती हलवाव्या लागल्या, हे सर्व इन्क्विझिशनने केले असे सरसकट बोलले जाते. वास्तविक ती कृत्ये व्हाइसरॉयच्या व आर्चबिशपच्या फर्मानांनी झाली, आणि त्यांपैकी काही तर न्यायासन स्थिर होण्यापूर्वीच सुरू झाली होती. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांना अर्थात कोणत्या कचेरीचा शिक्का आहे याने फरक पडत नव्हता. त्यांनी आपापली वाट धरली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. ही दोन्ही ठिकाणे अंत्रुज महालात, नदीपलीकडे, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होती. त्या पाण्याच्या पलीकडे ‘केपच्या पूर्वेला जे जे’ या सनदेला काही किंमत नव्हती. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रदेश पोर्तुगिजांकडे आला तेव्हा तेथील लोकांना त्यांच्या धर्माची मुभा कबूल करावी लागली, आणि जुन्या व नव्या काबिजादींमधला, म्हणजे आधी व मागाहून जिंकलेल्या मुलखांमधला, हा भेद आजही गोव्याच्या नकाशावर देवळांच्या दाटीवरून ओळखता येतो.

हद्द सोडून हात लांबविण्याचे प्रकारही घडले. एफ्राइम द नेव्हेर हा फ्रेंच कापुचिन पाद्री मद्रासेत इंग्रजांच्या आश्रयाने राहत होता. १६४९ साली त्याला शेजारच्या सांव तोमे या पोर्तुगीज ठाण्यात आणून पकडण्यात आले व गोव्यास रवाना करण्यात आले. तो पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन नव्हता आणि त्याच्या भूमीवर राहतही नव्हता, पण बाप्तिस्मा झालेला कोणीही आपल्या कक्षेत येतो हे सूत्र न्यायाधीशांना पुरेसे होते. त्याच्या सुटकेसाठी गोवळकोंड्याच्या दरबाराकडून दडपण आले, अशी हकीकत तावेर्निये या प्रवाशाने दिली आहे. एका कॅथलिक पाद्र्याला कॅथलिक न्यायासनापासून सोडविण्यासाठी मुसलमानी दरबाराने खटपट करावी, हा योग इतिहासात विरळाच.

सतराव्या शतकात डचांनी व इतरांनी पोर्तुगिजांची ठाणी एकामागून एक घेतली तसतसा हा इलाखाही आपोआप आटत गेला : होर्मुझ १६२२ मध्ये, मलाक्का १६४१ मध्ये, मस्कत १६५० मध्ये, कोचीन १६६३ मध्ये, मुंबई १६६५ मध्ये. न्यायासनाने आपण होऊन एकही तालुका सोडला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा घाव १७३९ साली बसला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि दीव-दमण वगळता उत्तरेकडचा बहुतेक प्रांत, जेथून गोव्याकडे इतके कैदी व लखोटे जात, तो या दफ्तरातून उठला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेचे वर्णन करताना आपले बखरकार घंटांचे व तोफांचे वर्णन आवडीने करतात. वसईच्या कमिसारीची कचेरी त्या दिवशी बंद पडली, याचा उल्लेख मात्र सहसा कोणी करीत नाही.

१७७४ साली पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने गोव्याचे न्यायासन बरखास्त केले. त्याची सत्ता जाताच १७७८ मध्ये ते नव्या जाबत्यासह पुन्हा उभे राहिले, पण पूर्वीचा कणखरपणा त्यात उरला नव्हता. १८०८ साली क्लॉडियस ब्यूकॅनन हा ब्रिटिश पाद्री गोव्यात आला व एका धर्मन्यायाधीशाकडेच पाहुणा म्हणून राहिला. देलोंचे पुस्तक बरोबर आणून, यातले खरे किती, असा सवाल त्याने आपल्या यजमानालाच टाकला. इंग्रजांचे वजन तोवर पोर्तुगालच्या दरबारात फार वाढलेले होते, आणि १८१२ च्या जूनमध्ये न्यायासन कायमचे मोडण्यात आले. दफ्तराचा मोठा भाग नंतर जाळून टाकण्यात आला, आणि निवडक कागद रियो द जानेरोला, जेथे त्या वेळी पोर्तुगालचा दरबार होता, तेथे पाठविण्यात आले. म्हणून ज्याला गोव्याच्या इन्क्विझिशनचा अभ्यास करावयाचा असेल त्याला गोव्यात फार थोडे मिळते. त्याला ब्राझीलमधली पत्रे पाहावी लागतात, लिस्बनच्या सर्वोच्च सभेकडे गेलेला पत्रव्यवहार पाहावा लागतो, आणि जुआंव देल्गादु फिगेइरा या धर्मन्यायाधीशाने १६२३ पर्यंतच्या खटल्यांची स्वतः तयार केलेली सूची चाळावी लागते. अनंत काकबा प्रियोळकर यांनी आपला इंग्रजी ग्रंथ १९६१ साली मुंबईत प्रसिद्ध केला तेव्हा प्रवाशांची वृत्ते व छापलेली पत्रे यांवरच त्यांना बहुतांशी भिस्त ठेवावी लागली. फिगेइराने ती सूची केली ती मात्र निव्वळ कारभाराच्या सोयीसाठी : कोणते नाव मेजापुढे पूर्वी येऊन गेले आहे हे चटकन सापडावे, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर दया दाखवावयाचे कारण उरू नये.